फॉर्ममध्ये आजीचा रकाना नाही

अटलांटाच्या दक्षिण भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयात शनिवारी सकाळी आम्ही काही जण टेबल मांडून बसतो. बारावीतल्या मुलांना कॉलेजच्या खर्चासाठी मिळणाऱ्या मदतीचे फॉर्म भरून द्यायचे, एवढंच काम. येणारी मुलं जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय. मुली आपणहून येतात, येताना मैत्रिणीला घेऊन येतात. मुलगे कमी येतात, आणि जे येतात त्यांच्यामागे आई, आजी किंवा चर्चमधलं कुणी वडीलधारं उभं असतं. हे फक्त आमच्या टेबलापुरतं नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी उभी राहिलेली जी जुनी कॉलेजं आहेत, ज्यांना इथे सगळे ‘एचबीसीयू’ म्हणतात, तिथेही १९७६ मध्ये कृष्णवर्णीय पुरुष विद्यार्थी ३८ टक्के होते. २०२२ मध्ये ते २६ टक्क्यांवर आले.

मी सांगतेय ते २०२३-२४ या वर्षातलं आहे. एका मुलाचं आणि त्याच्या आजीचं. दोघांना विचारून लिहितेय. नावं नकोत, असं दोघांचंही म्हणणं पडलं, म्हणून नावं नाहीत.

मुलगा सतरा वर्षांचा, मितभाषी. शाळेत जायला त्याला दोन बस लागायच्या. दुसरी बस कधीच वेळेवर नसायची, म्हणून नववीपासून तो एका वहीत नोंद ठेवत होता: बस कधी यायला हवी होती, कधी आली, पाऊस होता का, किती माणसं उभी होती. ही वही मला त्याने पहिल्या भेटीत दाखवली नाही. त्या दिवशी आजीच बोलत होती. “याला कॉलेजात जायचंय. पैसा नाही. काय काय भरायचं ते सांगा, आम्ही भरू.”

मी स्वतः वर्धा जिल्ह्यातल्या एका बौद्ध घरातली. माझं इंजिनिअरिंग झालं ते भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर. आमच्या कॉलेजात तिला सगळे ‘जीओआय’ म्हणायचे. जातीचा दाखला, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिकेच्या साक्षांकित प्रती, सगळं लावून फॉर्म द्यायचा आणि पैसे यायची वाट बघायची. वाट लांबायची, पण फॉर्म एक होता, खातं एक होतं, आणि त्यावर माझा हक्क आहे हे घरात शाळा न शिकलेल्या माझ्या आजीलाही ठाऊक होतं. ती योजना १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते तेव्हा. त्याच १९४४ मध्ये इकडे टस्कीगी या कृष्णवर्णीय कॉलेजचे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन यांनी पुढाकार घेऊन कृष्णवर्णीय कॉलेजांसाठी युनायटेड नीग्रो कॉलेज फंड उभा केला. तो यूएनसीएफ या नावाने आजही शिष्यवृत्त्या देतो. या दोन गोष्टी एका वर्षातल्या आहेत हे मला कळलं, तेव्हापासून त्या टेबलावर मी पाहुणी म्हणून बसत नाही.

इथली रचना मात्र वेगळी. गरजू मुलांना केंद्र सरकार देतं ती पेल ग्रँट, जॉर्जिया राज्याची होप स्कॉलरशिप, प्रत्येक कॉलेजची स्वतःची मदत, आणि संस्था, चर्च, बंधुमंडळं (इथे ज्यांना फ्रॅटर्निटी म्हणतात), कंपन्या यांच्या खासगी शिष्यवृत्त्या. प्रत्येकीचा फॉर्म निराळा, तारीख निराळी, अटी निराळ्या. आणि यातल्या मोठ्या भागाची किल्ली एकच: फाफ्सा नावाचा केंद्र सरकारचा अर्ज. तो भरला नाही तर पेल नाही, सरकारी कर्ज नाही, आणि बहुतेक कॉलेजं आपल्या खिशातलंही काही देत नाहीत.

एरवी फाफ्सा १ ऑक्टोबरला उघडतो. त्या वर्षी तो सगळा नव्याने बांधला होता, त्यामुळे उघडायला डिसेंबरची अखेर उजाडली. म्हणून आम्ही शरद ऋतूत बाकीची कामं हाती घेतली. कॉमन ब्लॅक कॉलेज अॅप्लिकेशन या एका अर्जातून साठाहून अधिक एचबीसीयूंना एकदम अर्ज करता येतो, २० डॉलरमध्ये. तो भरला. सरकारी विद्यापीठांचे अर्ज भरले. गेट्स स्कॉलरशिपचा भरला. तिची मुदत सप्टेंबरच्या मध्यालाच संपते आणि तेव्हा देशभरातून वर्षाला ३०० मुलंच निवडली जायची. त्यात तो पुढे गेला नाही. रॉन ब्राउन स्कॉलर प्रोग्रॅम आहे, वर्षाला १० हजार असे चार वर्षांत ४० हजार डॉलर देणारा. जॅकी रॉबिन्सन फाउंडेशन आहे, बेसबॉलमधला वर्णभेदाचा अडसर मोडणाऱ्या खेळाडूच्या पत्नी रेचल रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये स्थापन केलेलं. ते पैशाबरोबर चार वर्षं मार्गदर्शकही देतं. या मोठ्या शिष्यवृत्त्यांची नावं सगळ्यांना माहीत असतात, म्हणून अर्जांचा ढीगही तिथेच पडतो. मी मुलांना सांगते, तिथे अर्ज जरूर करा, पण आपल्या गल्लीतल्या पाचशे डॉलरच्या शिष्यवृत्तीकडे पाठ फिरवू नका. तिथे अर्ज करणारे वीसच जण असतात.

आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगते: शिष्यवृत्तीच्या अर्जाला फी मागणाऱ्याला, ‘तुमची निवड नक्की झालीय, कार्ड नंबर द्या’ म्हणणाऱ्याला काहीही द्यायचं नाही. गरजू घरांना गाठणारी अशी माणसं इथे पुष्कळ आहेत.

फाफ्सा उघडला आणि खरी अडचण तिथे निघाली. मुलगा तीन वर्षांचा असल्यापासून आजीकडे वाढला. वडिलांचा पत्ता नाही. आई शेजारच्या अलाबामात, बर्मिंगहॅमला, गोदामात रात्रपाळी करणारी. अधूनमधून फोन, सणाला भेट. फॉर्म विचारतो: पालक कोण? आजीने आपली सगळी कागदपत्रं एका बुटाच्या खोक्यात नीट लावून आणली होती. सोशल सिक्युरिटीचं पत्र, घराच्या कराची पावती, त्याच्या लसीकरणाचं कार्डसुद्धा. आणि मला तिला सांगावं लागलं की यातलं काहीच लागणार नाही. कायद्याने दत्तक घेतलं नसेल, तर फाफ्साच्या लेखी आजी-आजोबा पालक नसतात. न्यायालयाने पालकत्व दिलेलं असेल तर मुलगा स्वतंत्र धरला जातो, मग कुणाच्याच उत्पन्नाची गरज नाही. पण या घरात कोर्टाची पायरी कुणी चढलं नव्हतं. मुलगा घरात आला, आजीने ताट वाढलं, संपलं. कुठल्या घरात यासाठी कोर्टात जातात?

आजी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पंधरा वर्षं मी याला खाऊ घातलं. मी कुठे लिहायची?”

आजीसाठी त्या फॉर्ममध्ये रकाना नाही. कृष्णवर्णीय घरांत आजीने नातवंडं वाढवणं ही काही अपवादाची गोष्ट नाही. गुलामगिरीत आई-बाप विकले जायचे तेव्हापासून ही घरं नात्यागोत्याच्या हातांवर उभी आहेत, आणि पुढे रात्रपाळ्या, तुरुंग, आजारपण यांतूनही ती त्याच हातांनी तोलली. आमच्याकडेही मुलं मामाकडे, आजोळी शिकून मोठी होतात. कोट्यवधी मुलांच्या भवितव्याचा कागद तयार करताना हे घर डोळ्यांसमोर नसावं, याचा मला आजही राग येतो.

आई-वडिलांशी संपर्कच नसेल, छळ झाला असेल, तर ‘असामान्य परिस्थिती’ म्हणून फॉर्म तात्पुरता पुढे नेता येतो. मग प्रत्येक कॉलेजला समाजसेवकाचं, शाळेच्या काउन्सेलरचं, पाद्र्याचं पत्र देऊन ते पटवावं लागतं. या मुलाची आई हयात होती, फोन उचलत होती, त्याच्यावर तिचं प्रेम होतं. त्यामुळे तो रस्ता आमचा नव्हता. आईलाच फॉर्मवर यायला हवं होतं. नव्या फाफ्सात पालकाला स्वतःचं वेगळं खातं काढावं लागतं आणि करखात्याकडची आपली माहिती थेट फॉर्ममध्ये यायला संमती द्यावी लागते. उत्पन्न शून्य असलं तरी संमती हवीच. ती नसेल तर मुलाला केंद्राची कोणतीच मदत मिळत नाही.

आई कबूल होईना. हट्ट नव्हता, भीती होती. मागे एकदा कुठल्या तरी कर्जावर सही केली होती आणि पगारातून पैसे कापले गेले होते. सरकारच्या साइटवर कराची माहिती द्यायची म्हटल्यावर तिला तेच आठवलं. मी फोनवर तिच्याशी रविवारी दुपारी बोलायचे, ती झोपून उठल्यावर. एकेक पान वाचून दाखवलं. यात कर्ज नाही, यावर तुमची सही कर्जाची सही नाही, कर्ज वेगळ्या कागदाने घ्यावं लागतं आणि ते नाकारता येतं, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी तिने एक प्रश्न विचारला: “माझी कमाई कमी आहे म्हणून त्याला कमी मिळेल का?” मी म्हटलं, “नाही हो, उलट जास्त मिळेल.” पलीकडे ती रडत होती. एवढी वर्षं तिची समजूत होती की आपल्या गरिबीमुळे मुलाचं नुकसान होणार, म्हणून ती लांबच राहत होती.

तिने खातं काढलं. संमती दिली. नव्या पद्धतीत कुटुंबाची ऐपत मोजणारा जो आकडा निघतो तो उणे १५०० पर्यंत खाली जाऊ शकतो. या मुलाचा शून्याच्या खाली आला. म्हणजे पेल ग्रँट पूर्ण: त्या वर्षीची कमाल रक्कम, ७,३९५ डॉलर.

आजी एका प्रश्नाची वाट बघत होती. तिच्या धाकट्या मुलाने २००१ च्या सुमारास हाच फॉर्म भरला होता. तेव्हा त्यात विचारायचे, अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झालीय का. १९९८ च्या दुरुस्तीने तशी शिक्षा झालेल्यांची मदत थांबवता येत होती. खिशात सापडलेल्या थोड्याशा गांजासाठी त्याला शिक्षा झाली होती. मदत थांबली, कॉलेज सुटलं, आज तो ट्रक चालवतो. श्रीमंत घरातल्या मुलाला हा प्रश्न कधीच आडवा आला नाही, कारण त्याला मदतीचा फॉर्मच भरायचा नव्हता. आता तो प्रश्न फॉर्ममधून काढून टाकला आहे. तरुणांना सैन्याच्या नोंदणीची जी अट होती तीही गेली. मी आजीला पानं उलटून दाखवली. ती म्हणाली, “माझ्या पोराच्या वेळी काढला असता तर.”

होपचं गणित वेगळं. जॉर्जियाचे गव्हर्नर झेल मिलर यांनी १९९३ मध्ये ही शिष्यवृत्ती लॉटरीच्या पैशातून सुरू केली. सुरुवातीला तिला उत्पन्नाची मर्यादा होती, दोन-तीन वर्षांत ती काढली गेली. आता फक्त गुण पाहतात: चारपैकी सरासरी ३.० असेल तर होप, ३.७ आणि एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत १२०० असतील तर झेल मिलर स्कॉलरशिप. २०२३ च्या शरद ऋतूपासून सरकारी विद्यापीठांत होपने पूर्ण ट्यूशन फी भागते. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि या मुलाला तिने तारलं. पण शाळेच्या प्रगतिपुस्तकावरची सरासरी आणि होपची सरासरी एक नसते; होपसाठी फक्त मुख्य विषय धरून राज्य ती नव्याने काढतं. त्याच्या प्रगतिपुस्तकावर ३.६ होते, होपच्या हिशेबात ३.२ निघाले. दहावीतच हे मुलांना सांगायला हवं. आजीच्या घराजवळच्या दुकानात लॉटरीच्या तिकिटांना रोज रांग असते. त्या रांगेतल्या माणसांच्या पैशातून चालणारी शिष्यवृत्ती त्यांच्याच मुलांना गरजेनुसार मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आता खास कृष्णवर्णीय मुलग्यांसाठीच्या शिष्यवृत्त्यांविषयी. त्या का आहेत हे आजीकडून ऐकावं. तिच्या शाळेतल्या एक बाई उन्हाळ्याच्या सुट्टीत न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात शिकायला जायच्या, आणि खर्च राज्य द्यायचं. उदारपणा म्हणून नव्हे. आपल्या विद्यापीठात काळ्या विद्यार्थ्याला बसवायचं नाही म्हणून दक्षिणेतली राज्यं त्याला पैसे देऊन बाहेर पाठवत. मिसूरीतल्या लॉइड गेन्स या तरुणाच्या खटल्यात १९३८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की असं पैसे देऊन हात झटकता येणार नाहीत. तरी ही रीत पुढे वर्षानुवर्षं चालली. जॉर्जिया विद्यापीठात पहिले दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी, शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स, शिरले ते जानेवारी १९६१ मध्ये, बाहेर जमाव ओरडत असताना. आजी तेव्हा शाळेत होती. हा इतिहास एका म्हातारीच्या आठवणीत मावतो, इतका जवळचा आहे.

मेरीलँडमध्ये १९८८ साली मायरहॉफ स्कॉलर्स नावाचा कार्यक्रम सुरू झाला. रॉबर्ट मायरहॉफ यांनी देणगी दिली ती मुद्दाम कृष्णवर्णीय तरुणांना विज्ञानात पुढे आणायला, कारण वर्तमानपत्रं नि टीव्ही त्यांना फक्त गुन्हेगार म्हणून दाखवत होते. फ्रीमन राबोव्स्की यांनी तो उभा केला. पहिल्या तुकडीत १९ जण, सगळे कृष्णवर्णीय मुलगे. पुढच्या वर्षी मुली आल्या. मग मेरीलँड विद्यापीठाच्या दुसऱ्या एका शिष्यवृत्तीवर खटला झाला, १९९४ मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द ठरवली, आणि १९९६ पासून मायरहॉफही सर्वांसाठी खुला झाला. त्यातून पीएचडी, डॉक्टर झालेल्या कृष्णवर्णीय मुलांची रांग आजही मोठी आहे. मला तो कार्यक्रम महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे पैशाबरोबर एकत्र राहणं, एकत्र अभ्यास, प्राध्यापकाचं लक्ष हे सगळं ठरवून दिलं जातं.

२९ जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने कॉलेजप्रवेशात वंश विचारात घ्यायला मनाई केली. निकाल प्रवेशांबद्दलचा, पण धाक शिष्यवृत्त्यांपर्यंत पोचला. इथे अटलांटातच कृष्णवर्णीय स्त्रियांच्या छोट्या व्यवसायांना अनुदान देणाऱ्या फिअरलेस फंडवर खटला झाला आणि जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ते अनुदान रोखलं. त्या हंगामात माझ्यासमोर असे कितीतरी अर्ज आले, जिथे आदल्या वर्षी ‘आफ्रिकन-अमेरिकन तरुणांसाठी’ लिहिलेलं होतं आणि आता ‘समाजासाठी काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी’. देणाऱ्यांचं मन बदललं नव्हतं, वकिलांनी शब्द बदलायला लावले होते. मी ज्या घरातून आले तिथे राखीव जागा आणि शिष्यवृत्ती हा न्याय आहे, दया नाही, हे पाळण्यातच शिकवतात. ज्यांना ठरवून बाहेर ठेवलं, त्यांना आत घेतानाही ठरवूनच घ्यावं लागतं. हे इथे मोठ्याने म्हणणं अवघड होत चाललंय, म्हणून मी म्हणते.

निबंध हा प्रत्येक अर्जाचा भाग. वंशामुळे आयुष्यात काय घडलं ते निबंधात लिहायला २०२३ च्या निकालानेही आडकाठी केलेली नाही. म्हणून सगळे या मुलांना एकच सल्ला देतात: दुःख लिही. वडील नाहीत ते लिही, गल्लीतला गोळीबार लिही. आमचा हा मुलगा गप्प बसला. मग म्हणाला, “मॅम, ते लिहिलं तर माझ्या आजीच्या घराबद्दल लोकांना काय वाटेल?” तेव्हा त्याने ती वही काढली. त्यात आलेख होते. ज्या वस्त्यांत गाड्या कमी आणि बसवर अवलंबून असलेले जास्त, तिथेच बस जास्त चुकते, हे त्याने स्वतःच्या नोंदींतून काढलं होतं. पावसात उभ्या राहणाऱ्या बायकांची संख्यासुद्धा होती. आम्ही त्यावर निबंध लिहिला. त्यात तो कृष्णवर्णीय आहे हे ओळीओळीतून कळत होतं, आणि कुठेही कीव मागितलेली नव्हती. दुःखाची मागणी करणाऱ्या निवड समित्यांनी याचा विचार करावा. सतरा वर्षांच्या पोराने अनोळखी लोकांपुढे आपल्या घराची जखम उघडी केल्यावरच त्याला फी मिळावी, हे चुकीचं आहे.

कृष्णवर्णीय पुरुषांच्या एका बंधुमंडळाच्या स्थानिक शाखेने मुलाखतीला बोलावलं. या बंधुमंडळांची परंपरा जुनी. आंतरमहाविद्यालयीन मंडळांतलं सगळ्यात पहिलं अल्फा फी अल्फा, १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात स्थापन झालं. मुलाखत चर्चच्या तळघरात होती. चर्चमधल्या एका डीकननी कोट दिला, खांद्यात थोडा सैल. समोर पाच वयस्क पुरुष: निवृत्त पोस्टमास्तर, शाळेचे मुख्याध्यापक, एक दंतवैद्य. त्यांनी त्याला अभ्यासाचं विचारलं, मग बसच्या वहीबद्दल विचारलं आणि ती वही हातोहात फिरली. एकाने विचारलं, “हे आकडे मार्टाच्या लोकांना दाखवलेस का?” मार्टा म्हणजे इथली बस-रेल्वे चालवणारी सार्वजनिक संस्था. तो म्हणाला, “नाही सर.” “मग पुढच्या बैठकीला आपण जाऊ.” आणि ते खरंच त्याला घेऊन गेले. शिष्यवृत्ती दीड हजार डॉलरची होती. त्या पुरुषांनी त्याच्याशी बरोबरीने केलेलं ते बोलणं मात्र तो पुढे वर्षभर आठवून सांगत होता.

त्याच थंडीत आम्ही मोरहाउस कॉलेज बघायला गेलो. फक्त पुरुषांसाठीचं, १८६७ मध्ये स्थापन झालेलं. मार्टिन ल्यूथर किंग पंधराव्या वर्षी इथे शिकायला आले, तेही १९४४ मध्येच. तिथे बेंजामिन मेज यांचं स्मारक आहे. ते १९४० ते १९६७ अध्यक्ष होते आणि किंग त्यांना गुरू मानत. १९३६-३७ च्या हिवाळ्यात मेज भारतात आले होते आणि वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटले होते. त्याच प्रवासात म्हैसूरकडे अस्पृश्य मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतले अस्पृश्य’ अशी करून दिली. मेज आधी दुखावले, मग विचार करता त्यांना ते पटलं. मी हे मुलाला सांगितलं आणि बाबासाहेबांबद्दलही सांगितलं: सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, म्हणून ते १९१३ मध्ये कोलंबियात आले. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहिलं होतं. ते त्याने फोनवर शोधलं आणि तिथेच बाकावर बसून वाचलं. आजी विचारत होती, साडेअकरा पौंडांत माणूस जेवत काय असेल?

मोरहाउसच्या २०१९ च्या पदवीदान समारंभात रॉबर्ट स्मिथ या उद्योजकांनी उभं राहून सांगितलं होतं की या वर्गाचं सगळं शैक्षणिक कर्ज मी फेडतो. सुमारे चारशे मुलांचं मिळून ते ३ कोटी ४० लाख डॉलर झालं, पालकांनी काढलेलं कर्ज धरून. या दानाबद्दल मला आदर आहे. पण एका वर्गावर किती कर्ज होतं हेही त्या आकड्यातून दिसतं.

कॉलेजांची मदतीची पत्रं त्या वर्षी उशिरा आली, कारण फाफ्साची माहितीच कॉलेजांकडे मार्चपासून जायला लागली. एरवी १ मे ला निर्णय कळवायचा असतो, त्या वर्षी अनेकांनी तारीख १५ मे किंवा १ जूनपर्यंत पुढे नेली. त्याच्या मनात होतं ते राज्याबाहेरचं एक जुनं खासगी कॉलेज. त्याचं नाव देत नाही. होप राज्याबाहेर चालत नाही. वर्षाचा खर्च ४० हजारांच्या वर. पेल, कॉलेजची मदत आणि विद्यार्थ्याचं सरकारी कर्ज (पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरपर्यंत मिळतं) धरूनही खाली आठ-नऊ हजार उरत होते. आम्ही बंधुमंडळाचे दीड हजार आणि चर्चच्या महिला मंडळाचे पाचशे कळवले, आणि कॉलेजने स्वतःची मदत बरोबर दोन हजारांनी कमी केली. अंतर होतं तेवढंच राहिलं. पोस्टमास्तरांच्या वर्गणीतून जमलेले पैसे मुलाच्या नव्हे, कॉलेजच्या उपयोगी पडले. हे देशभर चालतं. मेरीलँडने २०१७ मध्ये आपल्या सरकारी कॉलेजांना असं करायला मनाई केली, तसा कायदा करणारं ते पहिलं राज्य. मग आणखी काही राज्यांनी केला.

उरलेला मार्ग होता पालकांच्या नावावरचं ‘प्लस’ नावाचं सरकारी कर्ज. आईचा पत-इतिहास बिघडलेला, म्हणजे नकार जवळजवळ ठरलेला. नकार आला की मुलाला स्वतःच्या नावावर आणखी चार हजार घेता येतात. २०११ मध्ये या कर्जाच्या पतीचे निकष कडक झाले, तेव्हा एचबीसीयूंमधली हजारो मुलं एका फटक्यात गळाली होती. मी त्याच्यापुढे चारही वर्षांचा हिशेब मांडला. पदवी घेताना डोक्यावर किती असेल, महिन्याचा हप्ता किती असेल. कुठलाही सल्ला दिला नाही. आजीनेही नाही दिला. तो कागद घरी घेऊन गेला.

त्याने जॉर्जिया स्टेट विद्यापीठ निवडलं. अटलांटाच्या मध्यभागी, आजीच्या घरून मार्टाने जाता येतं. होपने ट्यूशन, पेलमधून बाकीची फी, पुस्तकं, पास. बाहेरच्या दोन्ही शिष्यवृत्त्या पूर्ण त्याच्या हाती आल्या. १९५९ मध्ये तीन कृष्णवर्णीय स्त्रियांनी याच संस्थेविरुद्ध न्यायालयात खटला जिंकला होता आणि तरीही त्यांना प्रवेश मिळाला नव्हता. आज देशात सर्वाधिक कृष्णवर्णीय पदवीधर घडवणाऱ्या विद्यापीठांत तिची गणना होते. २०११ पासून ते आणखी एक शहाणपणाचं काम करतात. ज्या मुलाचं बिल थोडक्या पैशांसाठी अडलंय आणि नाव कटणार आहे, त्याला न मागता छोटं अनुदान देतात. अनेक मुलांचं शिक्षण तीनशे, सहाशे, नऊशे डॉलरसाठी सुटतं, हे त्यांनी आपल्याच आकड्यांत शोधून काढलं. मोठ्या शिष्यवृत्त्या देणाऱ्या प्रत्येकाने हे बघावं. पहिल्या वर्षाचा चेक आणि फोटो सगळे देतात, तिसऱ्या सत्रातल्या चारशे डॉलरसाठी कुणी नसतं.

ते खासगी कॉलेज सुटल्याचं त्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं. दूर जाऊन राहणं, त्यांच्या बँडमध्ये वाजवणं, हे त्याला हवं होतं आणि ते मागण्याचा त्याला हक्क होता.

आता तो त्याच विद्यापीठाच्या अँड्र्यू यंग स्कूलमध्ये सार्वजनिक धोरण शिकतो. दुसऱ्या वर्षाचा फाफ्सा भरताना आईने तिचा भाग बर्मिंगहॅमहून स्वतःच पूर्ण केला आणि मला फक्त झाल्याचा मेसेज पाठवला. होपची पहिली तपासणी ३० क्रेडिट तासांचे विषय घेऊन झाल्यावर असते, सरासरी ३.० च्या खाली गेली तर शिष्यवृत्ती थांबते. संख्याशास्त्राने त्याला घाम फोडला, पण ३.१ राहिले. कर्ज अजून एक डॉलरही काढलेलं नाही. पुढची तपासणी ६० तासांवर आहे.